‘ब्लिट्झ’ : नानावटी खटल्यानं चढवलं, मग उतरलं कशानं?

शिवाजीपेठ_जुना

नौदल अधिकारी नानावटींनी बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, त्या १९५९ च्या खटल्यावर अधूनमधून सिनेमा येतो, मालिका येते आणि चार दिवस सगळे त्या तीन गोळ्यांबद्दल बोलतात. पण ज्या साप्ताहिकानं तो खटला मुंबईच्या कोर्टातून उचलून आपल्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीपर्यंत आणला, त्या ‘ब्लिट्झ’बद्दल मराठीत सलग लिहिलेलं फारसं सापडत नाही. म्हणून हा धागा काढतोय.

आमचे थोरले काका अडतीवर दिवाणजी होते. इंग्रजी मॅट्रिकपुरतं. पण अंक हातात पडला की ओळ मोठ्यानं वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची, हा त्यांचा शिरस्ता. ऐकायला तोलाईदार, हमाल, समोरचा पानवाला, सगळे. मुंबईचा अंक इथं शिळा होऊनच यायचा, तरी वाट बघायचे लोक. दैनिकात निकाल आधीच छापून आलेला असायचा, मग ब्लिट्झची वाट कशाला बघायची, असं मी काकांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “पेपर काय झालं ते सांगतो. हा कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते सांगतो.” मला वाटतं, या साप्ताहिकाचं सगळं बळ त्या एका वाक्यात आहे आणि त्याचा ऱ्हासही.

आधी थोडी पार्श्वभूमी. रुसी करंजिया यांनी ब्लिट्झ काढलं १ फेब्रुवारी १९४१ ला. वय २८. सोबत बी. व्ही. नाडकर्णी आणि बेंजामिन हॉर्निमन. हॉर्निमन म्हणजे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे तेच संपादक, ज्यांना जालियनवाला बागेच्या बातम्यांपायी १९१९ मध्ये सरकारनं देशाबाहेर काढलं होतं. मुंबईतलं हॉर्निमन सर्कल त्यांच्याच नावाचं. म्हणजे या पत्राची पहिली वीट सनसनाटीची नव्हती, इंग्रज सरकारशी दोन हात करण्याची होती. लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते, त्या हल्ल्यांना ‘ब्लिट्झ’ म्हणत, म्हणून नावही तेच.

लहान आकार, अंगावर येणारे मथळे, पहिल्या पानावर आरोप. आणि शेवटच्या पानावर ख्वाजा अहमद अब्बास यांचा स्तंभ, तो १९४७ पासून १९८७ मध्ये ते जाईपर्यंत ब्लिट्झमध्ये चालला. करंजियांनी इजिप्तचे नासर, युगोस्लाव्हियाचे टिटो, क्युबाचे कॅस्ट्रो यांच्या मुलाखती घेतल्या. पुढं हिंदी, उर्दू आणि मराठी आवृत्त्याही निघाल्या.

आता नानावटी. २७ एप्रिल १९५९. ‘आयएनएस म्हैसूर’वरचे कमांडर कावस नानावटी. पत्नी सिल्व्हिया इंग्रज. तिनं नवऱ्याला सांगितलं की प्रेम आहुजाशी आपले संबंध आहेत. नानावटींनी बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, आहुजाच्या फ्लॅटवर गेले, तीन गोळ्या झाडल्या आणि स्वतःहून हजर झाले. सेशन्स कोर्टात ज्युरीनं, म्हणजे कौल द्यायला बसवलेल्या नऊ नागरिकांनी, ८ विरुद्ध १ मतांनी ‘दोषी नाही’ असा कौल दिला.

एरवी २५ पैशांना मिळणारा अंक या काळात २ रुपयांपर्यंत विकला गेल्याचं सांगतात. रस्त्यावर ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ म्हणून खेळणी विकली जात होती. ब्लिट्झनं कुंपणावर बसायचं नाटक केलंच नाही. नानावटी देशाचा शूर, घरंदाज अधिकारी; आहुजा चैनी, पैसेवाला, दुसऱ्याच्या बायकांवर डोळा ठेवणारा. प्रत्येक अंकात हेच दोन रंग. उच्च न्यायालयानं शिक्षा दिल्यावर तर साप्ताहिकानं माफीचीच मोहीम चालवली.

माझं म्हणणं असं की वाचकाला ज्युरीत बसवायची ही रीत ब्लिट्झला फळली आणि मग तीच सवय झाली. आधी निकाल, मग पुरावा. एका खटल्यात ते खपलं. वर्षानुवर्षं कसं खपेल? तुम्हाला काय वाटतं ते लिहा. ज्यांनी अंक प्रत्यक्ष वाचलेत त्यांनी तर जरूर.

तालीमवाला

काका, लै दिवसांनी कायतरी वाचण्यासारखं आलं. आमचे आजोबा तालमीत रात्री अंक वाचून दाखवायचे असं वडील सांगतात, पण तो मराठी. पैलवान लोकांना टॉवेलचा मुद्दा फार पटला नव्हता म्हणे. झटापट झाली असेल तर कमरेचा टॉवेल जागेवर कसा राहील, हा सरकारी वकिलाचा सवाल तालमीत करून बघितला होता खरोखर. टॉवेल सुटला!

ॲडव्होकेट_करवीर

तालमीतला प्रयोग योग्यच. सरकार पक्षाचा तो कळीचा मुद्दा होता. झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या हा बचाव, आणि आंघोळ करून आलेल्या माणसाच्या अंगावरचा टॉवेल मात्र शाबूत. उच्च न्यायालयात सरकारतर्फे यशवंतराव चंद्रचूड उभे होते, जे पुढं सरन्यायाधीश झाले.

एक गोष्ट या विषयावरच्या प्रत्येक लेखात येते, म्हणून आधीच लिहितो. नानावटी खटल्यामुळे भारतातली ज्युरी पद्धत बंद झाली आणि हा शेवटचा ज्युरी खटला होता, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. ज्युरी काढून टाकावी ही शिफारस विधी आयोगानं १९५८ च्या आपल्या १४ व्या अहवालातच केली होती, म्हणजे गोळीबाराच्या आधी. राज्याराज्यांतून ती टप्प्याटप्प्यानं गेली. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तिच्यात ज्युरीला जागाच उरली नाही. या खटल्यानं ज्युरीच्या विरोधकांच्या हातात एक ठळक उदाहरण दिलं, इतकंच.

कौलानंतर काय झालं तेही नीट समजून घ्या, कारण ब्लिट्झची ताकद तिथं दिसते. सेशन्स न्यायाधीश मेहता यांना ज्युरीचा कौल मान्य झाला नाही. कोणताही समंजस माणूस या पुराव्यावर असा निष्कर्ष काढणार नाही, असं म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडं पाठवलं. ११ मार्च १९६० ला जन्मठेप झाली. आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित करून नानावटींना नौदलाच्याच ताब्यात ठेवण्याचा हुकूम काढला! सर्वोच्च न्यायालयात अपील प्रलंबित असताना तो हुकूम चालणार नाही, असं घटनापीठानं पुढं सांगितलं. २४ नोव्हेंबर १९६१ ला सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

तीन पायऱ्यांवर न्यायाधीशांचं म्हणणं एक आणि रस्त्यावरचं दुसरं. रस्त्यावरचं म्हणणं तयार करण्यात या साप्ताहिकाचा वाटा फार मोठा होता. ज्युरीतले नऊ जण तरी कुठले? वर्तमानपत्र वाचणारे मुंबईकरच.

मंजिरी_राजारामपुरी

मला या सगळ्यात नेहमी एक गोष्ट बोचते. आपण नानावटी, करंजिया, न्यायाधीश यांच्याबद्दल बोलतो. सिल्व्हियानं आहुजाला लिहिलेली पत्रं कोर्टात पुरावा म्हणून दाखल झाली, वाचली गेली आणि मग साऱ्या देशानं वाचली. तीन मुलांची आई होती ती. एका बाईचं खाजगी पत्र अडतीवर मोठ्यानं वाचलं जातं आणि तोलाईदार ऐकतो, याच्यात त्या बाईचं काय होत असेल? काकांवर राग नाही, कृपया गैरसमज नको. काका वाचत होते ते छापलेलं. ज्यानं छापलं त्याला मी विचारतेय.

दुसरी मॅमी आहुजा, प्रेमची बहीण. भाऊ गेला आणि दर आठवड्याला तो किती वाईट होता हे विक्रीला. नानावटींच्या मागं नौदल उभं, पारशी समाज उभा, वरपर्यंत ओळखी, कारण लंडनमध्ये कृष्ण मेनन (पुढचे संरक्षणमंत्री) यांच्या हाताखाली त्यांनी काम केलेलं. आहुजांच्या मागं सिंधी समाज, जो फाळणीत सगळं सोडून नुकताच इथं उभा राहू बघत होता. ब्लिट्झ दुबळ्याची बाजू घेणारं म्हणून ओळखलं जायचं ना? मग इथं दुबळी बाजू कुठली होती?

शेवटी माफीसाठीसुद्धा मॅमीची लेखी संमती घ्यावी लागली. तिनं ती दिली. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी मिळाली, म्हणजे दोन्ही समाजांचं समाधान. इतका हिशेब सरकारला करावा लागला, एवढी आग पेटलेली होती.

मेलेला माणूस अब्रुनुकसानीचा दावा लावू शकत नाही, म्हणून त्याच्यावर काहीही लिहावं का?

ॲडव्होकेट_करवीर

मंजिरीताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर. दिवाणी भरपाईचा हक्क माणसाबरोबर संपतो हे खरं. फौजदारी बाजूला मात्र जुन्या दंडविधानाच्या कलम ४९९ च्या पहिल्याच स्पष्टीकरणात मृताची बदनामीही धरली होती, जर त्यानं कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर. आजच्या न्याय संहितेतही ते आहे. पण खून झालेल्या भावाच्या चारित्र्यावरून बहिणीनं परत कोर्टाची पायरी चढायची, हे कुणाला सोसणार?

दादरकर_कोल्हापुरी

नोकरीमुळे मुंबईत आयुष्य गेलं. ऐंशीच्या दशकातलं ब्लिट्झ मी दर आठवड्याला घेत होतो, म्हणून उतरणीबद्दल लिहितो.

शिवाजीपेठ म्हणतात ते अर्धं पटतं. अर्धं यासाठी की त्या शेवटच्या काळातही आत चांगलं काम करणारी माणसं होती. पी. साईनाथ तिथं दहा वर्षं उपसंपादकपदी होते. दुष्काळ आणि गावांबद्दलची त्यांची पुढची कीर्ती सगळ्यांना माहीत आहे, पण घडण ब्लिट्झमधली. १९९३ च्या सुमारास ते तिथून बाहेर पडून खेड्यांत गेले. ज्या घरात असा माणूस दहा वर्षं टिकतो ते घर नुसतं चटोर असू शकत नाही.

पण विश्वास कसा गेला ते डोळ्यांनी बघितलं. ब्लिट्झ म्हणजे बुवाबाजीवर तुटून पडणारं पत्र अशी आमच्या डाव्या मित्रांची खात्री. १९७६ मध्ये करंजियांनी सत्य साईबाबांची लांबलचक मुलाखत घेतली, कालपर्यंत टीका करणारे संपादक आता भारावलेले. मला श्रद्धेशी भांडण नाही. भांडण याच्याशी की वाचकाला कालपर्यंत एका बाजूला उभं केलं आणि आज संपादक दुसरीकडं जाऊन उभा राहिला. बाजू घेऊन चालणाऱ्या पत्राला हे परवडत नाही. बातमीचं पत्र असतं तर संपादकाचं मन कुठं आहे याच्याशी वाचकाला देणंघेणं नसतं. ब्लिट्झ म्हणजेच करंजिया. त्यांचं वारं फिरलं की सगळी गलबतं फिरायची.

मग बाजार. १९७९ ला मिड-डे आला. संध्याकाळी लोकलमध्ये हातात लहान आकाराचा चटकदार ताजा पेपर मिळत असेल तर आठवडाभर थांबायचं कशाला? करंजियांनी स्वतः ‘द डेली’ काढून बघितला, १९८१ मध्ये. त्यात दोन ठिकाणी ताकद वाटली गेली असं मला वाटतं. चकचकीत रंगीत पाक्षिकं आली, त्यांत शोधपत्रकारिताही आणि छायाचित्रंही. ब्लिट्झचा कागद तोच, शाई हाताला लागणारी. मग १९९१-९२ पासून उपग्रह वाहिन्या. ‘इलस्ट्रेटेड वीकली’सारखं मातब्बर साप्ताहिक १९९३ मध्ये बंद पडलं, तिथं ब्लिट्झची काय कथा. नव्वदच्या दशकाच्या मध्यात तेही थांबलं. करंजिया तोवर राज्यसभेवर राष्ट्रपतिनियुक्त खासदार होते, १९९१ पासून. ते गेले १ फेब्रुवारी २००८ ला, ९५ व्या वर्षी. अंक सुरू झाला होता त्याच तारखेला.

शेवटच्या वर्षांत स्टॉलवाला अंक मागच्या बाजूला ठेवायचा. मागितला तर काढून द्यायचा.

शिवाजीपेठ_जुना

दादरकर, साईनाथांचा मुद्दा अगदी बरोबर. अब्बास यांचा स्तंभही त्यातच धरा. चांगलं लिहिणारी माणसं होती म्हणून तर दुःख आहे.

मंजिरी, तुमची गोष्ट मी काकांच्या मुलीला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्या वाचनाच्या वेळी घरातल्या बायका आतल्या खोलीत असायच्या आणि सगळं ऐकू यायचं, पण सिल्व्हियाबद्दल त्यांना काय वाटलं हे कुणी विचारलं नाही.

खिळेजुळारी

मी लक्ष्मीपुरीत एका छापखान्यात कंपोझिटर होतो, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा. ब्लिट्झमध्ये काम केलं नाही, पण त्याची नक्कल करणारं एक स्थानिक साप्ताहिक आमच्याकडं छापायला यायचं. नाव घेत नाही, संपादक आता हयात नाहीत आणि त्यांची मुलं भली माणसं आहेत. पण या धंद्याची आतली बाजू कुणीतरी सांगायला हवी.

मथळ्यासाठी आमच्याकडं लाकडी मोठा टाईप होता, खास लग्नपत्रिका आणि निवडणुकीच्या हँडबिलांसाठी घेतलेला. या साप्ताहिकाला तोच लागायचा. ‘क’ आणि ‘भ’ कमी पडायचे, म्हणून मथळा जुळवताना शब्द बदलावे लागत. खून, भानगड, पर्दाफाश, हे शब्द तर इतके लागायचे की जोडाक्षरांचा एक संच आम्ही सोडतच नव्हतो, तसाच दोऱ्यानं बांधून बाजूला ठेवायचो. फोटोचा ब्लॉक महाग, म्हणून एकच पोलीस जीपचा ब्लॉक वर्षभर फिरायचा.

हे झालं वरचं. आता खरं. मजकूर यायचा हातानं लिहिलेला, एखाद्या लॉजवाल्याबद्दल, डॉक्टरबद्दल, सोसायटीच्या चेअरमनबद्दल. आम्ही स्टिकवर ओळी जुळवायच्या, गॅलीत घ्यायच्या, शाईचा रोलर फिरवून प्रूफ काढायचं. संपादक ते ओलं प्रूफ घडी न घालता, दोन बोटांत धरून सायकलवर निघायचे. थेट ज्याच्याबद्दल बातमी त्याच्या दारात. तास-दीड तासात परत. कधी म्हणायचे, “लावा पानात.” बहुतेक वेळा म्हणायचे, “सोडा मजकूर.” मग आम्ही जुळवलेले खिळे एकेक करून परत केसमध्ये टाकायचे आणि त्या जागी राशिभविष्य किंवा मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात बसवायची. जे छापलं जायचं त्याच्यावर त्यांचा संसार चालत नव्हता, जे छापलं नाही त्याच्यावर चालायचा.

एकदा माझ्याच आळीतल्या एका शिक्षिकेबद्दलचा मजकूर आला. विधवा बाई, शिकवणीला मुलं यायची, त्यावरून काहीबाही. मी मालकांना म्हटलं, मी हे जुळवणार नाही. मालक म्हणाले, बिल थकलंय त्यांचं, पण तू म्हणतोस ते खरं आहे. त्यांनी स्वतः संपादकांना निरोप दिला की हा मजकूर आमच्या छापखान्यात होणार नाही. तो दुसरीकडून छापून आला. बाईंनी पुढच्या वर्षी बदली मागून घेतली.

तेव्हा ब्लिट्झनं मोठ्यांना धरलं हे मान्य. मंत्री, उद्योगपती, सभापती. पण त्याचा मथळा आणि आवेश उचलून गावोगावी जी पिलावळ निघाली तिनं कुणाला धरलं, तर ज्याला कोर्टात जायची ऐपत नाही त्याला. या बाबतीत ब्लिट्झला पूर्ण मोकळं सोडता येत नाही असं मला वाटतं.

तालीमवाला

अण्णा, वाचून गप्पच झालो.

दादरकर_कोल्हापुरी

अण्णा, तुमचा अनुभव मोलाचा आहे. एका बाबतीत मात्र सहमत नाही. पिवळी साप्ताहिकं ब्लिट्झ नसतं तरी निघाली असती. खंडणी घ्यायला कुणाचं अनुकरण लागत नाही. ब्लिट्झ आपल्या लिखाणासाठी कोर्टात उभं राहिलं, तुरुंगाची तयारी ठेवली. उत्तर प्रदेश विधानसभेच्या अध्यक्षांवर टीका केली म्हणून ब्लिट्झचे होमी मिस्त्री यांना मार्च १९५२ मध्ये मुंबईत पकडून लखनौला नेलं होतं. वकीलसाहेब अधिक सांगतील.

ॲडव्होकेट_करवीर

सांगतो. मिस्त्रींना लखनौला नेऊन विधानसभा अध्यक्षांच्या ताब्यात एका हॉटेलात ठेवलं होतं. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढं उभं केलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं कलम २२ चा भंग झाला म्हणून तत्काळ सोडायला लावलं. घटना लागू होऊन दोनच वर्षं झाली होती. विधिमंडळाचा हक्कभंग आणि नागरिकाचं स्वातंत्र्य यांच्यावरच्या चर्चेत हा निकाल आजही निघतो. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या हक्काची एक बाब ब्लिट्झच्या माणसामुळे तपासली गेली. हे त्याच्या जमेला.

खर्चाच्या बाजूला दोन. १९६१ मध्ये आचार्य कृपलानी यांनी लोकसभेत कृष्ण मेनन यांच्यावर झोड उठवली. ब्लिट्झ मेनन यांच्या बाजूचं. कृपलानींच्या नावाची विटंबना करून मथळा दिला आणि खाली वाटेल ते लिहिलं. हक्कभंग सिद्ध झाला. २९ ऑगस्ट १९६१ ला करंजियांना लोकसभेच्या सभागृहात उभं करून समज देण्यात आली, त्यांच्या बातमीदाराचा प्रवेशपास काढून घेतला. कृपलानी गांधीजींच्या बरोबरचे, काँग्रेसचे माजी अध्यक्ष. त्यांचं म्हणणं खोडायला मुद्दे होते की! नावाची टिंगल कशाला?

दुसरं ठाकरसी प्रकरण. सप्टेंबर १९६० मध्ये उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांच्यावर करचुकवेगिरीचे वगैरे आरोप करणारा लेख आला. दावा उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि भरपाई लाखांच्या घरात गेली. त्या काळचे लाख म्हणजे विचार करा. त्या निकालातून एक सूत्र वकिलांना शिकवलं जातं: ‘सार्वजनिक हिताचा विषय होता’ एवढं म्हणून वर्तमानपत्राला विशेष संरक्षण मिळत नाही. सामान्य नागरिकाला जेवढा हक्क तेवढाच पत्रकाराला.

नानावटी, कृपलानी, ठाकरसी. तिन्ही १९५९ ते १९६१ च्या दरम्यानची. ब्लिट्झ तेव्हा शिखरावर होतं. शिवाजीपेठ म्हणतात ती सवय याच काळात जडली, असं मला कागदपत्रांवरून वाटतं.

इतिहासवेडा_भवानीमंडप

धागा कोल्हापूरचा आहे, म्हणून कोल्हापूरचंच एक प्रकरण मांडतो. चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होतोय आणि त्यामागं दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा गंभीर आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं केला. केसरी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं. आधार काय, तर काही पत्रं. बर्वे यांनी फिर्याद केली आणि ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबरला ते सुटले. महाराजांचा मात्र डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरला अंत झालाच, गोऱ्या पहारेकऱ्याशी झटापट होऊन.

ब्लिट्झशी तुलना करतोय असं समजू नका. केसरीनं ते विकण्यासाठी छापलं नव्हतं. आपल्या राजाची काळजी संपूर्ण महाराष्ट्राला होती आणि ती रास्त होती, हे पुढं दिसलंच. मला सांगायचंय ते एवढं की हेतू इतका निर्मळ असून, माणसं इतकी मोठी असून, हातात आलेला कागद खरा की खोटा हे तपासलं नाही तर काय होतं ते याच गावानं पाहिलंय. आणि त्या दोघांनी त्यानंतर जी वर्तमानपत्रं चालवली, ती टिकली. आगरकरांनी ‘सुधारक’ काढला १८८८ मध्ये, समाजाला न आवडणारं लिहिलं, पण कुणाचं खाजगी उकरून नाही.

शिवाजीपेठ_जुना

हे उत्तम झालं. माझ्या मनात जे होतं त्याला आधार मिळाला. ब्लिट्झला अशी ठेच १९६१ मध्येच लागली होती, पण तोवर खप इतका चढलेला की ठेच जाणवली नाही. लोकसभेत समज मिळाली तेही पहिल्या पानाचं भांडवल झालं असणार. खप पडायला लागला तेव्हा पाठीशी उभा राहील असा, ‘यात लिहिलंय म्हणजे खरं असणार’ म्हणणारा वाचक शिल्लक नव्हता. मजा म्हणून घेणारा होता, आणि मजा दुसरीकडं स्वस्त मिळायला लागली.

मंजिरी_राजारामपुरी

खिळेजुळारी अण्णांनी सांगितलेला प्रकार आज मोबाईलवर चाललाय. माझ्या ओळखीच्या एका ताईंचं उपनगरात छोटं पार्लर आहे. एक जण गळ्यात ओळखपत्र अडकवून आला, हातात चॅनेलचा दांडू. परवानगी न घेता आतलं चित्रण केलं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, वर मथळा तयार: ‘पार्लरच्या नावाखाली काय चाललंय पाहा’. खाली निरोप, जाहिरात दिलीत तर उद्या अपलोड होणार नाही. अण्णांचं ओलं प्रूफच की हे. ताई घाबरून पैसे द्यायला निघाल्या होत्या, मी थांबवलंय. वकीलसाहेब, काय करायचं?

ॲडव्होकेट_करवीर

पैसे अजिबात देऊ नका. एकदा दिले की दर महिन्याला येईल.

व्हॉट्सॲपचा निरोप आणि व्हिडिओ डिलीट करू नका, त्याला ब्लॉकही करू नका. त्या फोनवर आहे तसं राहू द्या आणि नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट वेगळे काढून ठेवा. फोन आला तर रेकॉर्ड करा. बदनामीची भीती घालून पैसे मागणं म्हणजे खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. पैसे दिले नसले तरी तसा प्रयत्न आणि धाक हाही गुन्हाच आहे. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. व्हिडिओ टाकलाच तर अब्रुनुकसानीचं कलम ३५६ लागतं, शिवाय दिवाणी दावा वेगळा. त्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष, ती चुकवू नका. पार्लरमध्ये कुणा गिऱ्हाईक बाईचं चित्रण झालं असेल तर ते तक्रारीत ठळक लिहा, बाब आणखी गंभीर होते.

प्रेस कौन्सिलकडं जाऊन उपयोग नाही, तिचा अधिकार वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता. गळ्यातलं ओळखपत्र कुठल्या संस्थेचं होतं ते ताईंना आठवतंय का विचारा. उद्या सकाळी अकराला मी कसबा बावड्यात न्यायसंकुलातच आहे, ताईंना घेऊन या. तक्रारीचा मसुदा तिथंच करू.

खिळेजुळारी

मंजिरी, ताईंना सांग की मी पण येतो. असला माणूस कसा बोलतो आणि कुठं कच्चा पडतो ते मला ठाऊक आहे.